शेठ शीळ घालायचा तेव्हा

आमच्या रंजनाचं लग्न ज्या वर्षी घाईनं उरकलं, त्या दोन हजार चार सालची ही गोष्ट. घरात माणूस गेलं की लग्नकार्य वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्याकडची रीत. माझा मुलगा धनाजी माघात गेला आणि वैशाखात आम्ही त्याच्या बहिणीला सासरी वाटेला लावलं. मांडव सोडून नेला होता, पण दारातले बांबूंचे खड्डे अजून बुजले नव्हते. घरात आम्ही दोघी उरलो होतो, मी आणि माझी सून उज्वला. आणि शेठ.

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघी जनावरांच्या दवाखान्यात लिंबाखाली बसलो होतो. आजूबाजूला म्हशी, शेळ्या, एक पाय धरलेला बैल. उज्वलाच्या मांडीवर बुट्टी होती आणि बुट्टीवर तिच्या जुन्या लुगड्याचं फडकं. ती मधूनमधून फडक्याखाली हात घालायची, हलतंय का ते बघायची.

शेजारी एकजण म्हैस धरून उभा होता. त्याला राहवेना.

"वैनी, काय आणलंय बुट्टीत? कोंबडं?"

"गिनिपिग," उज्वला म्हणाली.

"काय पिक?" त्याने वाकून फडकं उचललं. "आयला! उंदीरच की ह्यो! मांजर आणायचं सोडून दवाखान्यात आणलाय व्हय? दूध किती देतोय म्हणायचं?"

भोवतालची माणसं हसली.

"तुझ्या म्हशीएवढंच देतोय," मी म्हटलं, "पण लाथ मारत न्हाई."

आता लोक त्याच्यावर हसले. उज्वला हसली नाही. माघापासून ती हसली नव्हती आणि रडलीही नव्हती.

धनाजी मागावरचा जॉबर होता. आमच्या इचलकरंजीत माग बिघडला की जॉबरला हाक मारतात. आठवड्याच्या बाजारातून एकदा त्याने ही गिनिपिगांची जोडी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून आणली. मुठीएवढी, तांबडी-पांढरी, शेपूट नसलेली. मी कपाळाला हात लावला. तो म्हणाला, "आई, जन्मभर शेठ लोकांच्या हातचं खाल्लं. एक शेठ तरी माझ्या हातचं खाऊ दे." म्हणून नराचं नाव शेठ आणि मादीचं शेठाणी. शेठाणी चैत्रात गेली. सकाळी उठून बघितलं तर पिंजऱ्यात आडवी. आणि आता शेठने दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. हनुवटी ओली, डोळे अर्धे मिटलेले.

आमची पाळी यायला दुपार टळली. डॉक्टरांनी शेठला फळीवर ठेवलं, पोट चाचपलं, परत बुट्टीत ठेवलं.

"काकी, खरं सांगू का? मला ह्यातलं कळत नाही. मी गाई-म्हशींचा माणूस. अंदाजानं काहीतरी टोचलं आणि हे मेलं तर तुम्हाला वाटेल आजारानं मेलं. मिरजेला डॉक्टर कुडचे म्हणून एक बाई आहेत, त्यांच्याकडं न्या. पण उशीर करू नका."

बाहेर आल्यावर उज्वला म्हणाली, "आत्ती, मिरजेला जाऊन यायला रात्र हुईल. आज दिवेलागणीला आपण घरात पायजे."

"आणि ह्याचं काय?"

"त्यो जवळ कुत्र्यांचा डॉक्टर हाय की. त्याला दावू. आज तरी ह्यानं शीळ घालायला पायजे. दोन सांजा झाल्या, घातली न्हाई."

ती शीळ मलाही ऐकायची होती आणि त्या शिळेची मला भीतीही वाटत होती.

गिनिपिग शीळ घालतं, हे आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. बारीक, लांब, अंगावर काटा आणणारी शीळ असते. धनाजी असताना दिवेलागणीला तो कामावरून यायचा, डब्याच्या पिशवीत शेठसाठी मूठभर गवत घेऊन. त्याच्या गाडीचा आवाज आम्हाला यायच्या आधी शेठला यायचा. शेठ मान वर करून शीळ घालायचा, उज्वला उठून दिवा लावायची आणि दाराची कडी काढायची, आणि मग गाडी दारात थांबायची. शीळ आधी, माणूस मागून.

धनाजी कामावरून निघाला आणि घरी पोचला नाही, त्याही संध्याकाळी शेठने शीळ घातली होती. उज्वलाने कडी काढली होती. दार तसंच उघडं राहिलं आणि त्या दारातून मग दुसरीच माणसं आली.

दिवस-कार्य झालं, पै-पाहुणे गेले. पहिल्या मोकळ्या संध्याकाळी उज्वला दिवा लावायला उठली आणि शेठने शीळ घातली. तिने माझ्याकडे बघितलं. मग जाऊन कडी काढली. बाहेर कुणी नव्हतं. ती दारात थोडा वेळ उभी राहिली, बाजूला सरकली, एखाद्याला आत यायला वाट द्यावी तशी, आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर रोज. शीळ, कडी, बाजूला सरकणं. शेजारच्या बायका दिवेलागणीला आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. रंजना लग्नापर्यंत त्या वेळी देवळात जाऊन बसायची. मी भिंतीला टेकून बसलेली असायची. दार लागल्यावर मला वाटायचं, आता खुंटीवर पिशवी अडकवल्याचा आवाज येईल.

हे उज्वलाच्या मनातलं खूळ नव्हतं. त्याला कारण होतं, आणि ते साऱ्या भावकीने बघितलं होतं.

तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर रक्षाविसर्जन होतं. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्याच्या आवडीचं सगळं पानावर मांडतात आणि कावळ्याची वाट बघतात. भाकरी, पिठलं, दही, शेंगा-गुळाचा लाडू, चहासुद्धा. झाडावर कावळे होते, एकही खाली येईना. धनाजीचा चुलता पुढे झाला. "रंजीचं लग्न मी लावतो, धनू. काळजी सोड." कावळा येईना. "आईला अंतर देत न्हाई." येईना. बायका कुजबुजायला लागल्या. मग चुलता म्हणाला, "उज्वलाला लेकीसारखी सांभाळतो." झाडावरचा एक कावळा उलटा तोंड फिरवून बसला.

ऊन चढलं. उज्वला पदर घट्ट धरून पुढे गेली आणि पानासमोर वाकून म्हणाली, "शेठला मी सांभाळते. त्याला काय कमी पडू देणार न्हाई."

आणि कावळा उतरला. लाडवावर चोच मारून गेला.

परत येताना माझी जाऊ मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बघा बाई. बायकोत जीव अडकला न्हाई, उंदरात अडकला."

उज्वलानेही ते ऐकलं. पण तिने त्याचा अर्थ वेगळा घेतला. धनाजीचा जीव शेठमध्ये आहे, तर धनाजीच शेठमध्ये आहे.

कुत्र्यांच्या डॉक्टरचा दवाखाना थंडगार होता. डॉक्टर तरणाताठा, गळ्यात नळी.

"सोप्पं आहे," तो म्हणाला. "इन्फेक्शन. हे औषध पाजा, उद्या उड्या मारेल."

"असलं जनावर आधी बघितलंय का तुम्ही?" उज्वलाने विचारलं.

"ताई, सगळ्या जनावरांचं आत सारखंच असतं."

त्याने शेठला मानेच्या कातड्याला धरून उचललं. शेठचे चारही पाय हवेत ताठ झाले. आवाज मात्र निघाला नाही. उज्वलाने पुढे होऊन दोन्ही हात खाली धरले आणि त्याला सोडवून घेतलं.

बाटली घेऊन आम्ही घरी आलो. संध्याकाळ झाली. उज्वलाने दिवा लावला आणि पिंजऱ्याजवळ बसली. शेठ कोपऱ्यात तोंड करून बसला होता. शीळ नाही. तिने तरी कडी काढली. दारात उभी राहिली, पण या वेळी बाजूला सरकली नाही. कुणासाठी सरकावं ते तिला कळेना असं दिसलं.

"आत्ती, वाट चुकले असतील का?" तिने विचारलं.

सून म्हणून घरात आल्यापासून तिने मला इतकी साधी गोष्ट कधी विचारली नव्हती.

"ते औषध पाजू नको," मी म्हटलं. "सकाळी पहिल्या गाडीनं मिरज."

मला तेव्हा वाचता येत नव्हतं. मिरजेत पाट्या वाचत वाचत उज्वला पुढे आणि मी बुट्टी घेऊन मागे. डॉक्टर कुडच्यांचा दवाखाना म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली होती. साठीच्या बाई, केस कापलेले, चष्मा नाकावर घसरलेला. आधी बुट्टीकडे बघितलं, मग आमच्याकडे.

उज्वलाने बुट्टी दिली नाही. "तुम्हाला ह्या जनावराचा अनुभव हाय का?"

"आहे. पण ऐकलंत तर उठून जाल."

"सांगा."

"लशी तयार करायच्या एका कारखान्यात मी नोकरीला होते. तिथं हजारांनी होती ही. मी त्यांना धडधाकट ठेवायची, कारण टोचायला आजारी जनावर चालत नव्हतं. धडधाकट झालं की मी ते टोचायला द्यायची. मेलं की उघडून बघायची, कशानं मेलं ते. बरीच वर्षं तेच केलं. अनुभव म्हणजे तेवढाच."

खोलीत पंखा फिरत होता. मला वाटलं उज्वला आता उठेल. तिने बुट्टी टेबलावर ठेवली आणि स्वतःच फडकं काढलं.

बाईंनी शेठला एका हाताने छातीखाली आणि दुसऱ्या हाताने बुडाखाली आधार देऊन उचललं. शेठने अंग सैल सोडलं. त्या मला म्हणाल्या, "मावशी, बॅटरी धरा. इथं, तोंडात उजेड पडू दे." मी धरली. बारीक चिमट्याने त्यांनी त्याचं तोंड उघडलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"दाढा वाढल्यात. जिभेवर दोन्हीकडून कमान झालीय. जीभ हलत नाही, मग गिळणार कसा? भूक आहे याला, खाता येत नाही." मग चिमटा गालात घालून त्यांनी काहीतरी ओढून काढलं. तपकिरी, चिकट. ते बोटावर घेऊन हुंगलं.

"हा गूळ आहे."

उज्वला फडक्याची घडी घालायला लागली.

आणखी काढलं. "ही भाकरी. दुधात कुस्करलेली. आणि हा शेंगदाणा." त्यांनी चष्मा वर केला. "याला काय खायला घालता तुम्ही?"

उज्वला टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"गवत घालता का? कोथिंबीर, मुळ्याचा पाला? गवत चावून चावून दाढा झिजतात याच्या. हे असलं चिकट खाऊन झिजत नाहीत. हा एकटाच होता की जोडी होती?"

"जोडी," मी म्हटलं. "मादी चैत्रात गेली."

"तिलाही हेच?"

मी मान हलवली. बाईंनी उज्वलाकडे वळून हळू विचारलं, "कोण घालतं हे?"

"त्यांना आवडायचं ते," उज्वला म्हणाली.

"कुणाला?"

मग मलाच सांगावं लागलं. दारातून बाजूला सरकल्यावर ती काय करायची ते. ती आत जाऊन ताट वाढायची. दूध-भाकरी, गूळ, कधी दही, कधी शेंगांचा लाडू. नदीवर पानात मांडलं होतं तेच. ताट पिंजऱ्यापुढे ठेवायची, पुढे पाण्याचा तांब्या, आणि शेठ खाईपर्यंत समोर बसून राहायची. शेठाणी मेली त्या संध्याकाळीही. भाकऱ्या मीच थापत होते. एक जास्तीची.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, कीवही केली नाही.

"दाढा मी आत्ता कापते," त्या म्हणाल्या. "पण घरी जाऊन तुम्ही परत तेच ताट लावलंत तर पंधरा-वीस दिवसांनी परत हेच. आणि त्या वेळी तो टिकणार नाही. ताट बंद करा."

"ताट बंद केलं तर ते उपाशी राहतील," उज्वला म्हणाली.

"बाई, मी जनावरांची डॉक्टर. माणूस गेल्यावर काय होतं, ते खातं की नाही, ते मला विचारू नका. मला माहीत नाही. माझ्यापुढं हा एवढासा जीव आहे. तो तुमच्या नवऱ्याचं जेवतोय आणि उपाशी मरतोय. दोघांतल्या एकाचंच ताट तुम्हाला वाढता येईल."

उज्वलाने माझ्याकडे बघितलं. मी तिची सासू होते आणि गेला तो माझा पोटचा होता. मी नको म्हटलं असतं तर तिने बुट्टी उचलली असती. तिच्या डोळ्यांत ते स्पष्ट होतं.

"कापा दाढा," मी म्हटलं.

"तुम्ही सांगा," बाई उज्वलालाच म्हणाल्या. "खायला घालणार तुम्ही आहात."

उज्वलाने शेठच्या पाठीवर हात ठेवला. "कापा," ती म्हणाली. मग विचारलं, "परत शीळ घालंल ना?"

"पोटात पडलं की घालेल."

"कशासाठी घालतात ओ ती?"

"मागतात. खायला."

उज्वलाने ऐकलं की नाही मला कळलं नाही. ती शेठचे कान चोळत होती.

काम झाल्यावर बाईंनी हिरव्या पाल्याचा रस सुई नसलेल्या सिरिंजमध्ये भरून उज्वलाच्या हातात दिला. "पहिला घास तुम्हीच द्या. तोंडाच्या बाजूनं, हळू. घाई केलीत तर फुप्फुसात जाईल." शेठने पहिल्यांदा तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा त्याची जीभ हलली. त्या कुत्र्यांच्या डॉक्टरच्या बाटलीवरचं नाव बाईंनी वाचलं आणि ती मोरीत ओतली. "हे पाजलं असतंत तर आज माझ्याकडं आला नसतात."

मग आमचं घर त्या सिरिंजभोवती फिरायला लागलं. नदीकाठचं गवत मी कापून आणायची, उज्वला पाला वाटायची. संध्याकाळी ती दिवा लावायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. ताट नाही. शीळही नाही. कडी ती काढायची की नाही, हे मी मुद्दाम बघत नव्हते. भाकऱ्या थापताना माझा हात शेवटच्या गोळ्याशी थांबायचा.

शेठ हळूहळू स्वतः पाती ओढायला लागला. बाईंनी दोनदा बोलावून तोंड बघितलं.

आणि एका सकाळी, चांगलं ऊन पडलेलं असताना, मी गवताची पिशवी घेऊन मागच्या दाराने आत आले, आणि शेठने शीळ घातली. तीच, लांब, घर चिरत जाणारी.

उज्वला न्हाणीत धुणं धूत होती. ती तशीच ओल्या हातांनी धावत आली, माझ्याकडे न बघता पुढच्या दाराशी गेली आणि कडी काढली. बाहेर भर उन्हात गल्ली रिकामी होती. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. दुपारसुद्धा झाली नव्हती. ही त्याच्या येण्याची वेळच नव्हती.

ती वळली. माझ्या हातात पिशवी होती.

"आत्ती," ती म्हणाली, "पिशवी हलवा."

मी हलवली. आतलं गवत खसखसलं. शेठ मागच्या पायांवर उभा राहिला आणि त्याने शीळ घातली.

"परत हलवा."

मी हलवली. त्याने घातली.

"माझ्याकडं द्या."

तिने पिशवी घेतली आणि दाराबाहेर उंबऱ्यापलीकडे जाऊन उभी राहिली. तिथून हलवली. शीळ. मग ती आत आली, पिंजऱ्यापुढे बसली, मूठभर गवत आत टाकलं. शेठ खाली मान घालून खायला लागला. दाढांचा बारीक कर्रकर्र आवाज येत होता. उज्वला त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या बायका धावत आल्या. माघात जे रडायचं राहिलं होतं ते ती त्या सकाळी रडली. मी तिला जवळ घेतलं नाही. मी दाराशी जाऊन बायकांना बाहेरच थांबवलं.

शेठ पुढे तीन वर्षं जगला. दोन हजार सातच्या श्रावणात, म्हातारा होऊन, डॉक्टर कुडच्यांच्या टेबलावर गेला. तो भाजीवालीला शीळ घालायचा, पोस्टमनला घालायचा, रंजनाच्या पोराला घालायचा. कुणाच्याही पिशवीला घालायचा.

पण मला सांगायची आहे ती उज्वला रडली त्याच दिवसाची संध्याकाळ. उज्वलाने दिवा लावला. शेठ गवत खात होता, त्याने मान वर केली नाही. मी चुलीपुढे होते. इतक्यात दारात गाडी थांबली. खरंच थांबली, मी आवाज ऐकला. आणि कडी वाजली.

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. उज्वला जागची उठली, पदर सारखा केला आणि दाराशी गेली. दारात एक अनोळखी माणूस होता, डोक्याला रुमाल, अंगाला तेलाचा वास. बाहेरगावचा असावा.

"धनाजी जॉबर हितंच ऱ्हातात न्हवं? माझा माग बंद पडलाय. जरा येतील का म्हणून बघायला आलतो."

उज्वलाने दाराची चौकट धरली. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तिच्या तोंडून ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"धनाजी मेले," ती म्हणाली. "माघात. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी."